अल्सर: टेन्शन की जंतू?

आजचा भाग ॲसिडिटीवाल्यांसाठी. म्हणजे आमच्या अख्ख्या टीमसाठी.

1950 साली शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाचं 'सायकोसोमॅटिक मेडिसिन' हे पुस्तक आलं. दमा, ब्लड प्रेशर, अल्सर असे सात आजार त्यानं मनातल्या दबलेल्या ओढाताणीशी जोडले. अल्सरवाल्याला म्हणे आतून वाटतं, कुणीतरी आपली काळजी घ्यावी. पण ते कबूल करवत नाही. मग पोट जेवणाची वाट बघत ॲसिड सोडत राहतं.

हे अगदीच हवेतलं नव्हतं बरं का. लहानपणी उकळतं सूप गिळून टॉम नावाच्या माणसाची अन्ननलिका बंद झाली होती. पोटाला छिद्र पाडून तो तिथून जेवायचा. 1940च्या दशकात न्यूयॉर्कचे स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ त्यातून थेट आत बघायचे. टॉम चिडला की अस्तर लालभडक, घाबरला की फिकं!

1984 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल हेलिकोबॅक्टर जंतूंचं पाणी स्वतःच प्यायला. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज. 2005 मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल.

तोवर कितीजणांना 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं असेल. अँटिबायोटिकनं जाणारं दुखणं, आणि दोष स्वभावाला! मला राग याचाच येतो. पण जंतू असलेल्या बहुतेकांना अल्सर होतच नाही. मग काहींनाच का? तिथे ताणाचा मुद्दा अजून चर्चेत आहे.