परकेपणाचे बालपण : ‘फँड्री’तील दिलाशाचे स्वरूप

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. नदीपलीकडे नांदेड जिल्हा लागतो. १९७६ च्या सुधारणा-अधिनियमातील यादीप्रमाणे यवतमाळ जिल्ह्यात कैकाडी समाज अनुसूचित जातींत मोडतो. नांदेडकडे मात्र त्याची गणना विमुक्त जातींत झाली. नदी ओलांडताच शासनदप्तरातील वर्ग बदलतो. गावाने ठेवलेले नाव बदलत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचा विषय हे न बदलणारे नावच होय. कैकाडी बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर.

या नावामागील इतिहास दीर्घ आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरविण्याची प्रथा रूढ केली आणि पुढे कैकाडी समाजही तिच्या कक्षेत आला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. परंतु गावकऱ्यांच्या मनातील संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही. चित्रपटातील जब्या हा शाळकरी मुलगा या संशयाचा वारस आहे.

मराठी चित्रपटातील बालपणाची पूर्वपरंपरा येथे विचारात घेणे अगत्याचे आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. श्यामला दारिद्र्य सोसावे लागते, परंतु त्याचे घर त्याला आधार देते. बाहेरच्या अपमानावर आईचे संस्कार हा उतारा असतो. जब्याला असा उतारा उपलब्ध नाही. आईबाप प्रेमळ असूनही, ज्या कामासाठी ते त्याला बोलावतात त्याच कामाची त्याला लाज वाटते. शालूच्या नजरेस पडू नये म्हणून तो लपतो आणि काळ्या चिमणीच्या राखेने ती आपली होईल या आशेवर रानोमाळ हिंडतो.

चिमणी हाती लागत नाही. डुकराचा पाठलाग चालू असता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे ते पकडून नेले जात असता मागील भिंतीवर आंबेडकर व फुले यांची चित्रे दिसतात. समतेची चिन्हे गावात आहेत. समता मात्र भिंतीवरून खाली उतरलेली नाही.

मग या चित्रपटात स्वतःला परके समजणाऱ्या प्रेक्षकास दिलासा कोठून मिळतो? शेवट सुखाचा नाही, समेटही घडत नाही. तरीही दिलासा आहे, आणि तो लज्जेच्या स्थलांतरात आहे. प्रारंभी लाज जब्याची असते. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, पाहणाऱ्याच्या दिशेने येतो आणि लाज हसणाऱ्यांकडे जाते. ‘दोष माझ्यात नव्हता’ हे ज्ञान परकेपणात वाढलेल्या मुलास क्वचितच कोणी देते. हा चित्रपट ते देतो.

एकसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी मंजुळे यांचा व बालअभिनयासाठी सोमनाथ अवघडे यांचा गौरव झाला. तथापि गौरवाने नावे पुसली जात नाहीत. कायद्याने वर्ग बदलतो, चित्रपटाने दृष्टी बदलू शकते. या दोहोंमधील अंतर गावालाच कापावे लागते.