टोपण परत लावणारा हात

मार्च १८४७. व्हिएन्नातील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन शिकवीत असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्यांच्या बोटात रुतले. जखम क्षुल्लक होती. पण १३ मार्चला कोलेच्का मरण पावले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस तेव्हा व्हेनिसला गेले होते. परतल्यावर त्यांनी मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. प्रसूतिगृहात बाळंतरोगाने दगावणाऱ्या स्त्रियांच्या शरीरांत आढळणाऱ्याच खुणा त्यात होत्या. त्यातूनच मे महिन्यात डॉक्टरांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची पद्धत सुरू झाली.

हात धुण्याच्या इतिहासात ही कथा नेहमी सांगितली जाते. मुळात ती एका टोचलेल्या बोटाची कथा आहे, हे मात्र सहसा निसटते.

दंतवैद्यकात हे टोचलेले बोट वेगळ्या वाटेने आले. कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेनचे इंजेक्शन देऊन दात बधिर करण्याचे प्रयोग केले. स्वतःवरही प्रयोग करणारे हॉलस्टेड पुढे कोकेनच्या व्यसनात सापडले. दंतवैद्याच्या हाती मात्र सुई आली ती कायमची.

इतिहासाचा एक विनोद असा की शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजेही याच हॉलस्टेड यांच्या नावाशी जोडलेले आहेत. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोर येथे कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशकाने सोलवटू लागली, म्हणून त्यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. पुढे दोघांचा विवाहही झाला. एकाच माणसाने दिलेल्या या दोन वस्तू दंतवैद्याच्या खुर्चीपाशी मात्र जवळजवळ शतकभर एकत्र आल्या नाहीत. १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक दंतवैद्य उघड्या बोटांनीच रुग्णाच्या तोंडात काम करीत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील डॉक्टर हार्वे कुक यांनी बंदुकीच्या काडतुसाच्या धर्तीवर औषधाची बंद नळी तयार केली. आजची दातांची सिरिंज तिचीच वंशज आहे. सोय मोठी, धोका त्या सोयीतच दडलेला. या सुईला दोन टोके असतात : एक हिरडीसाठी, दुसरे नळीचे रबरी बूच भेदण्यासाठी. शिवाय इतर इंजेक्शनांत सुई एकदा टोचली की काम संपते. दातांच्या उपचारात त्याच रुग्णाला त्याच बैठकीत पुन्हा भूल द्यावी लागते. मधल्या वेळात सुई ठेवायची कुठे? म्हणून एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोपण. नेम किंचित चुकला की सुई थेट चिमटीतल्या बोटात.

असे टोचणे ही धंद्यातली किरकोळ गोष्ट मानली जाई. बोट पुसायचे आणि पुढचा रुग्ण घ्यायचा. बारूक ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून हेपटायटिस बीच्या विषाणूचा माग लागला आणि रक्ततपासणी शक्य झाली, तेव्हा सामान्य लोकांच्या कितीतरी पट अधिक दंतवैद्यांना हा संसर्ग होऊन गेल्याचे उघडकीस आले. लस न घेतलेल्या माणसाला अशा रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के. तरीही व्यवसायाला खडबडून जागे केले ते दुसऱ्यानेच. हेपटायटिस बीची लस अमेरिकेत १९८१ मध्येच मंजूर झाली होती. पण सुई टोचून एचआयव्हीची लागण झाल्याचे वृत्त १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि हातमोजे दंतवैद्यांच्या अंगवळणी पडले ते त्यानंतरच. माणूस टक्केवारीपेक्षा बदनाम रोगाला अधिक भितो, याचे हे ठळक उदाहरण.

त्या दशकात रुग्णालयांना एक कडक सूचना मिळाली : वापरलेल्या सुईला टोपण लावू नका. दातांच्या दवाखान्यात ती जशीच्या तशी पाळणे अशक्य होते; उपकरणांनी गजबजलेल्या ट्रेमध्ये उघडी सुई म्हणजे मदतनिसाच्या हाताला आमंत्रणच. अमेरिकेच्या १९९१ च्या कामगार-सुरक्षा नियमाने यातून मधली वाट काढली. दोन्ही हातांनी टोपण लावणे बंद. दुसरा इलाज नसेल तर उपकरणाने किंवा एकाच हाताने. टोपण ट्रेवर आडवे ठेवायचे, सिरिंजच्या हातानेच सुई त्यात सरकवायची आणि सुई पूर्ण झाकल्यावरच ते घट्ट बसवायचे. दुसरा हात दूर. ‘सांभाळून काम करा’ या उपदेशाने जे इतक्या वर्षांत साधले नाही, ते हाताची जागा बदलून साधू लागले. यंत्रात अडकवून ठेवलेला बर किंवा धुण्यासाठी एकत्र टाकलेली टोकदार उपकरणे यांपासूनची इजा मात्र या युक्तीने टळत नाही.

टोचल्यानंतरच्या तासांचे महत्त्व १९९७ मध्ये कळले. वेळीच झिडोव्हुडिन घेतलेल्यांत एचआयव्हीचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाल्याचे एका अभ्यासात दिसले. जखम खोल असली किंवा सुईवर रक्त दिसत असले, तर धोका वाढतो, हेही त्यातच स्पष्ट झाले. आज साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुतात. ती पिळत नाहीत, बोट तोंडात घालत नाहीत. रुग्ण निघून जाण्यापूर्वी घटना कळवून त्याच्या संमतीने रक्त तपासतात. औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घेतात. टोचलेले लपवणारा हे तास स्वतःच गमावतो.

भारतात १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नव्या नियमांनी सुया आणि पाती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भेदता येणाऱ्या डब्यात टाकणे आणि कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बीची लस देणे बंधनकारक केले. याच नियमांतील ‘मोठा अपघात’ या व्याख्येतून मात्र सुई टोचणे वगळलेले आहे. त्याची नोंद दवाखान्याने आपल्या वार्षिक अहवालात करायची असते.