क्रूस, चांदीचा (प्राचीनत्वाची परीक्षा)

वसई प्रांतावर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यामुळे वटारसारख्या गावी आढळणारा चांदीचा जुना क्रूस त्या काळातील मानण्याचा मोह होतो. तथापि कोरलेले साल वा काळवटपणा हा पुरावा नव्हे; दोन्ही कृत्रिम रीत्या साधता येतात. विद्युत् विच्छेदनाने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत सोने व शिसे अत्यल्प असते. जुन्या चांदीत त्यांचे अंश बहुधा सापडतात. मात्र जुनी चांदी वितळवून नवा क्रूस घडविता येतो. म्हणजे धातुपरीक्षेने बनावट उघडकीस येते, अस्सलपणा सिद्ध होत नाही. त्यासाठी डाखकाम, झिजेच्या जागा व धर्मग्रामाच्या दप्तरातील नोंदी यांचा मेळ बसावा लागतो. परीक्षेपूर्वी क्रूस उजळल्यास यांतील काही खुणा कायमच्या नष्ट होतात. किमान शंभर वर्षांचा ठरलेला क्रूस १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही.