काळ्या रंगाचा इतिहास : प्लाझ्मा की ओएलईडी?

१/ जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट आणि लेणी आठवतात. आज मात्र याच परिसरातून अगदी अलीकडच्या इतिहासाकडे पाहू. विषय आहे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील काळा रंग. #थ्रेड

२/ २ एप्रिल २०११, विश्वचषकाचा अंतिम सामना. नारायणगावी मामांच्या घरी प्लाझ्मा टीव्हीसमोर अर्धी आळी जमली होती. दुपारी दारातून येणाऱ्या उजेडात चित्र फिके वाटत होते. दिवेलागणीनंतर तेच चित्र जिवंत झाले. "तसे चित्र आता दिसत नाही," असे मामा आजही म्हणतात. गेल्या दिवाळीत मंचरला आत्याकडे ओएलईडी पाहिल्यावरही त्यांचे मत बदलले नाही. ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी?

३/ प्रथम प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. तो आयनीभूत वायू, द्रव्याची चौथी अवस्था. सूर्य प्लाझ्माचाच आहे, आणि त्याच्या रेडिओ लहरी टिपू शकणारी जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांसह, आपल्याच खोडदला उभी आहे.

४/ १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी 'प्लेटो' या संगणकीय शिक्षणप्रणालीसाठी प्लाझ्मा पडदा घडवला. त्यावरील चित्र एकरंगी, नारिंगी होते.

५/ रंगीत प्लाझ्मामध्ये निऑन-झेनॉन वायूने भरलेल्या लाखो सूक्ष्म कोठड्या असतात. विजेने वायू चेतवला की अतिनील किरण निघतात आणि ते लाल, हिरवे, निळे लेप उजळवतात. मात्र कोठडी सदैव सज्ज ठेवावी लागत असल्याने काळ्या भागातही किंचित प्रकाश उरतो.

६/ तो प्रकाश घटवण्याचा गाजलेला प्रयत्न म्हणजे पायोनियरची 'कुरो' मालिका (२००७). जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. परंतु फेब्रुवारी २००९ मध्येच कंपनीने टीव्ही व्यवसायातून माघार जाहीर केली.

७/ दुसरी धारा कोडॅकमधली. १९८७ साली चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून प्रकाश मिळवल्याचे प्रसिद्ध केले. २००७ मध्ये सोनीचा ११ इंची, तर २०१३ मध्ये एलजीचा ५५ इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आला.

८/ आता तुलना. ओएलईडीचा बिंदू पूर्णपणे विझतो, म्हणून काळा रंग खराखुरा काळा दिसतो. उजळपणातही तो पुढे. गतीच्या बाबतीत मात्र प्लाझ्मा सरस होता. तो प्रत्येक चौकट क्षणिक लखलखाटांतून दाखवी. ओएलईडी पुढची चौकट येईपर्यंत आधीची धरून ठेवतो, त्यामुळे धावता चेंडू किंचित पुसट होतो. स्थिर चित्राची छाप उरण्याचा धोका दोघांनाही.

९/ मग प्लाझ्मा संपला का? पॅनासॉनिकने २०१३ अखेर उत्पादन थांबवले, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीही त्यातून बाहेर पडल्या. तो वीज अधिक खाई, कोठड्या आणखी लहान करून ४के गाठणे कठीण होते आणि दुकानाच्या झगमगाटात तो निस्तेज वाटे. बाजी मारली स्वस्त व उजळ एलसीडीने, जिचा काळा रंग तेव्हा करडाच दिसे. उत्तम चित्र हरले ते चित्रामुळे नव्हे.

१०/ म्हणून २०११ च्या प्लाझ्माला आजच्या ओएलईडीच्या कसोटीवर कमी लेखणे हा कालविपर्यास ठरेल. त्याची खरी स्पर्धा समकालीन एलसीडीशी होती आणि काळ्या रंगात तो तिच्यापेक्षा निःसंशय सरस होता.

११/ मामांची साक्ष गतीबाबत खरी, काळ्या रंगाबाबत चुकीची. साक्षीदार अंशतः चुकला म्हणून सारी साक्ष फेटाळायची नसते; कोणता भाग टिकतो, ते तपासायचे असते. बखर वाचतानाही आपण हेच करतो.

१२/ घरातल्या जुन्या वस्तू हीसुद्धा साधनेच आहेत. भंगारात देण्यापूर्वी एकदा त्यांच्याकडे इतिहासाच्या नजरेने जरूर पाहा. (समाप्त)