दम : एका शब्दाची कुळकथा

मराठीतील ‘दम’ या शब्दात दोन कुळे एकत्र नांदतात. संस्कृत कुळातला दम म्हणजे इंद्रियनिग्रह, शम-दमाच्या जोडीतला. फारसी कुळातला दम म्हणजे श्वास आणि एका श्वासाला लागणारा क्षण, ज्याच्या गोतावळ्यात ‘हरदम’ आणि ‘दमा’ हे शब्द येतात. मैदानावरचा दम उघडच दुसऱ्या कुळातला असला, तरी ‘दम धरणे’ या वाक्प्रचारात श्वास रोखणे आणि मन आवरणे असे मिसळले आहे की तेथे कोणत्या कुळाचा वाटा किती, हे सांगणे अवघड आहे.

या शब्दाला कसोटीचा अर्थ दिला तो हुतूतूने, म्हणजेच पुढे कबड्डी या नावाने रूढ झालेल्या खेळाने. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत हा खेळ रुजला, कारण त्याला ना साहित्य लागे ना विस्तीर्ण मैदान. चाळींमधली मोकळी जागा पुरे होई. चढाई करणाऱ्याने एकाच श्वासात अखंड उच्चार करीत प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे, गडी बाद करायचे आणि दम टिकून असेतो मध्यरेषा गाठायची, हा त्याचा गाभा. जुन्या खेळात चढाईवर घड्याळाचा पहारा नव्हता. खेळाडूची छाती हेच घड्याळ होते.

मात्र ही कसोटी जे मोजते असे वाटते, ते ती मोजत नाही. रोखलेला श्वास असह्य होतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. श्वसनाची लगाम या वायूच्या हाती असते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्ये दाखविले. चढाईपटूच्या मांड्यांना बळ पुरविणारी व्यवस्था वेगळीच असते. स्नायूंच्या आकुंचनाला थेट ऊर्जा देणारे संयुग म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी. त्याचा साठा जेमतेम काही सेकंदांचा असल्याने ते सतत नव्याने घडवावे लागते. कोपरारक्षकाला हुलकावणी देऊन मारलेल्या झेपेत हे काम स्नायूतच साठलेले क्रिएटिन फॉस्फेट करते आणि पूर्ण जोर लावला तर ते सुमारे 10 सेकंदांत ओसरते. या संयुगाचा शोध 1927 मध्ये हार्वर्ड येथे फिस्के यांच्यासह लावणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे होते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच आठवली जाते. झटापट लांबली की स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, प्राणवायूविना फोडला जातो आणि लॅक्टेट तयार होते. हे लॅक्टेट निव्वळ टाकाऊ असल्याची जुनी समजूत आता मागे पडली आहे, कारण हृदय आणि इतर स्नायू तेही इंधन म्हणून वापरतात. मिनिटांमागून मिनिटे चालणाऱ्या श्रमाला मात्र प्राणवायूच्या साहाय्याने होणारे, संथ पण टिकाऊ ज्वलनच आधार देते. हे तिन्ही मार्ग एकदमच सुरू होतात, बदलतो तो प्रत्येकाचा वाटा.

ज्या 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने या खेळाची अखिल भारतीय स्पर्धा भरविली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी ‘प्राणवायूचे ऋण’ ही कल्पना मांडली: श्रमाच्या वेळी उसनी घेतलेली ऊर्जा शरीर नंतर धापा टाकून फेडते. मराठीने या फेडीला ‘दम खाणे’ असे नाव कधीचेच दिले होते, आणि ते ऋणाच्या रूपकापेक्षा टिकाऊ ठरले. कारण त्या धापांमागे फेडीखेरीज वाढलेले तापमान आणि संप्रेरके हीही कारणे असतात, असे पुढे आढळले.

हिल यांनी शरीराच्या प्राणवायू-ग्रहणालाही कमाल मर्यादा असते हे दाखविले आणि पुढच्या बहुतेक चाचण्या त्या मर्यादेचा अंदाज घेण्यासाठीच निघाल्या. हार्वर्डच्या 1943 च्या चाचणीत 20 इंच उंचीच्या पायरीवर मिनिटाला 30 वेळा, असे 5 मिनिटे चढउतार करून नंतर नाडी मोजतात. गिरगावातील चाळींचे जिने रोज चढणाऱ्यांना हे अगदीच अपरिचित वाटू नये. माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांनी 1982 मध्ये 20 मीटरच्या अंतरात ध्वनिसंकेतांवर वेग वाढवीत धावण्याची चाचणी मांडली आणि तिच्यातून डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची, अधूनमधून दम खाऊ देणारी यो-यो चाचणी निघाली, जी क्रिकेटपटूंमुळे मुंबईत घरोघरी ठाऊक झाली. पोलीस भरतीत पुरुषांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावण्याचे गुण वेगवेगळे मिळतात ते योग्यच आहे, कारण या दोन धावा दोन निराळ्या भांडवलांवर चालतात.

प्राणवायूविना निघणारी ताकद मोजणारी प्रमुख चाचणी इस्रायलमधील विंगेट संस्थेत 1970 च्या दशकात आकाराला आली. तीत सायकलीवर सर्व शक्तीनिशी 30 सेकंद पेडल मारायचे असते. कबड्डीच्या आजच्या नियमांतही चढाईला 30 सेकंदांचीच मुदत आहे. घड्याळ आले तरी उच्चाराची अट मात्र सुटलेली नाही, आणि प्रतिपक्षाच्या हद्दीत ज्याचा दम सुटला, तो चढाईपटू आजही बाद ठरतो.