दुग्धपानाचा पूर्वेतिहास

सस्तन प्राण्यांच्या समग्र सृष्टीत दूध हे शैशवाचे अन्न आहे. दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, जशीच्या तशी रक्तात शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरात निर्माण होणारे लॅक्टेज नावाचे विकर तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज अशा दोन साध्या शर्करांत विभाजन करते, आणि अंगावरचे दूध सुटले की त्या विकराची निर्मिती हळूहळू ओसरते, हा निसर्गाचा सर्वसाधारण दंडक होय. मनुष्यही मुळात याच दंडकाखाली जन्मला, आणि आजही जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढ त्याच्याच अंमलाखाली आहेत. उरलेल्यांना आजन्म दूध पचवण्याची जी सनद मिळाली, ती केव्हा आणि कोणत्या मोलाने मिळाली, याचा वृत्तान्त आधी हस्तकौशल्याचा आहे. देहाचा भाग त्यात फार मागाहून येतो.

या वृत्तान्ताचे सर्वांत जुने दप्तर खापरांचे आहे. मातीच्या भांड्यात अन्न शिजवले असता त्यातील स्निग्धांश भांड्याच्या सच्छिद्र अंगात मुरतो आणि सहस्रावधी वर्षे टिकून राहतो. ब्रिस्टल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड एव्हरशेड व त्यांचे सहकारी यांनी कार्बनच्या समस्थानिकांवरून मांसाची चरबी आणि दुधाचा स्निग्धांश यांत भेद करण्याची रीत सिद्ध केली, आणि त्या रीतीने वायव्य अनातोलियातील, इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकातील खापरांनी दुधाची साक्ष दिली. पोलंडच्या कुयाविया प्रांतात सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या वसाहतींत भोके पाडलेल्या भांड्यांचे तुकडे सापडत. पुरातत्त्वज्ञ पीटर बोगुकी यांनी 1980 च्या दशकात त्या चीज करण्याच्या गाळण्या असाव्यात असा तर्क मांडला, आणि सुमारे तीन दशकांनी मेलानी साल्क, एव्हरशेड व स्वतः बोगुकी यांच्या संशोधनात तशा खापरांत दुधाचाच स्निग्धांश आढळल्याने त्या तर्कावर शिक्कामोर्तब झाले. दूध आंबले की जंतू त्यातील लॅक्टोजचे आम्ल करतात, आणि साका बांधून गाळला की उरलीसुरली शर्करा बहुतांशी निवळीबरोबर निघून जाते. ज्या पशुपालकांच्या आतड्यांना दूध पेलवत नव्हते, त्यांनी पचनाचा पुष्कळसा भाग अशा रीतीने मडक्यातच उरकून घेतला.

देहाचा दाखला मिळाला तो 2002 मध्ये. लीना पेल्टोनेन यांच्या पथकाने फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे 14,000 अक्षरे अलीकडे, एका अक्षराचा पालट झाला की विकराची निर्मिती प्रौढपणीही चालू राहते. 2007 मध्ये सेरा टिशकॉफ यांच्या पथकाला केनिया व टांझानियातील पशुपालकांत त्याच परिसरातील निराळे पालट सापडले. म्हणजे एकाच गरजेतून, परस्परांशी संबंध नसलेल्या मुलखांत, हा गुण स्वतंत्रपणे उदयास आला होता. परंतु युरोपातील आद्य शेतकऱ्यांच्या अस्थींत तो पालट जवळपास नव्हताच. 550 हून अधिक स्थळांवरील सुमारे 7,000 स्निग्धांश आणि 1,700 हून अधिक प्राचीन व्यक्तींची जनुके एकत्र तपासणाऱ्या 2022 च्या अभ्यासातून दिसले की, दूध सर्रास वापरात आल्यानंतरही कित्येक सहस्रके तो गुण दुर्मीळच राहिला, आणि दुधाचा वापर किती होता यावरून त्याच्या प्रसाराचा उलगडा होत नाही. सुकाळात न पचलेल्या दुधाने पोट फुगते, ढाळ होतात आणि माणूस बरा होतो. दुष्काळात वा साथीत तेच ढाळ क्षीण देहाला प्राणघातक ठरतात, आणि अशा आपत्तींतूनच निसर्गाने हा गुण निवडला असावा, असे त्या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.

भारतातील दूध पचवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांत युरोपातलाच पालट, समान पूर्वजांकडून आलेला, आढळतो, असे 2012 च्या अभ्यासाने दाखवले. वायव्येकडे त्याचे प्रमाण अधिक, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी, मात्र निलगिरीतील म्हशी पाळणारे तोडा याला ठळक अपवाद आहेत. म्हणून प्रौढाला दूध न पचणे, ज्याला पाश्चात्त्य वैद्यक 1960 च्या दशकापर्यंत व्याधी समजत आले, ती मानवजातीची मूळ प्रकृती आहे. पेलाभर दुधाने ज्याचे पोट बिघडते आणि दह्याताकाने निवते, त्याच्या ठायी कसलेही वैगुण्य नाही. जनुकाने साथ देण्यापूर्वी सहस्रावधी वर्षे ज्या बुद्धीने पशुपालक माणसाला जगवले, तिचाच तो आजही लाभ घेत आहे, आणि सर्वांसाठी एकच आहार ठरवणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.