वृद्धिशील बॅकअप

संकेतस्थळाची एकदा संपूर्ण प्रत घेऊन त्यानंतर केवळ बदललेला भाग अन्यत्र साठविण्याची पद्धत. प्रत्येक वेळी संपूर्ण प्रत दूर पाठविणे वेळ व खर्च या दृष्टींनी परवडत नसे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांच्या ‘आरसिंक’ (१९९६) या आज्ञावलीने ही अडचण बरीच दूर केली. तीत जुन्या फाइलीचे खंड पाडून प्रत्येकाची पडताळणी-संख्या (चेकसम) काढतात व संख्या जुळणारे खंड वगळून उरलेलाच भाग पाठवितात. ‘ड्युप्लिसिटी’सारख्या आज्ञावल्यांनी हेच तत्त्व स्वीकारले. ॲमेझॉनची ‘एस३’ ही क्लाउड साठवण सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाल्यावर वापरापुरते शुल्क भरून दूरस्थ जागा मिळू लागली आणि ही पद्धत लहान संकेतस्थळांच्याही आवाक्यात आली.

स्ट्रॅसबर्ग (फ्रान्स) येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला १० मार्च २०२१ रोजी आग लागली, तेव्हा मूळ मजकूर व प्रत एकाच आवारात असलेल्या काही ग्राहकांना दोन्ही गमवावी लागली. मात्र प्रत दूर ठेवणे एवढेच पुरेसे नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या मुख्य डेटाबेसातील सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर चुकून पुसला गेला. त्या वेळी एस३वरील साठा रिकामा आढळला. आज्ञावल्यांच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे प्रती निघतच नव्हत्या. अन्य कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेल्या प्रतीमुळे बहुतेक मजकूर वाचला. शिवाय वृद्धिशील प्रतींच्या साखळीतील एक दुवा बिघडल्यास पुढील प्रती निरुपयोगी ठरू शकतात. म्हणून ठराविक काळाने नवी संपूर्ण प्रत घेणे व प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभारून पाहणे, ही या पद्धतीची आवश्यक अंगे होत.